उलाळ, धुरजड आणि एक पिन

ट्रॅक्टर घ्यायचा ठरला की आमच्या वाळवा-पलूस पट्ट्यात घरोघरी सहा महिने बैठका चालतात. किती एचपीचा घ्यायचा, पॉवर स्टिअरिंग हवं का, डिझेल कोणता कमी खातो, जुना बदलून किती येतील. पाहुण्यांच्या गावाला जाऊन त्यांचा चालवून बघायचा, मग त्यांच्या पाहुण्यांचा. शेवटी ट्रॅक्टर दारात येतो, बायका ओवाळतात, पेढे वाटले जातात. दुसऱ्या दिवशी तो ट्रॉली जोडायला वर्कशॉपला जातो. मिस्त्री विचारतो, "हुक कुठं मारायचा?" मालक मोबाईलमधून मान वर न काढता सांगतो, "मारा की. बसंल तितं."

आठ-नऊ लाखांचं यंत्र आणि दहा-बारा टनांचा माल यांना जोडणारी जागा अशी चहा यायच्या आत ठरते. गेल्या गळीत हंगामात मी या जागेच्या मागं लागलो होतो. वर्कशॉपमध्ये बसलो, फडात गेलो, कारखान्याच्या यार्डात रात्री काढल्या. घरच्यांना वाटलं, मी नवी ट्रॉली घेतोय.

या नादाचं मूळ आमच्या आबांच्या दोन शब्दांत आहे. आबा म्हणजे माझे चुलत आजोबा. हयातभर बैलगाडी हाकली, ट्रॅक्टरवर कधी बसले नाहीत. गाडी भरून झाली की ते पुढं येत आणि जू दोन्ही हातांनी जरा उचलून बघत. जू जड लागलं तर म्हणत, "धुरजड झाली." म्हणजे ओझं पुढं आलं, बैलांच्या मानेवर बसलं. जू आपणहून वर यायला बघत असलं तर "उलाळ झाली." ओझं मागं गेलं, आता चढाला साटी मागं झुकणार, दांडी वर जाणार आणि बैलाच्या गळ्याखालचा पट्टा त्याचा श्वास कोंडणार. मग दोन पोती पुढं सरकवायची नाहीतर मागं. आबांना गाडी नेमकी मध्यावर तोललेली आवडत नसे. जू हाताला थोडं लागलं पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. बैलाच्या मानेवर थोडं वजन असलं की त्याचे पाय जमिनीला धरून राहतात.

बैल गेले, त्यांच्याबरोबर हे दोन शब्दही गेले. ट्रॅक्टरच्या हुकाबद्दल जे काही सांगण्यासारखं आहे ते मात्र सगळं या दोन शब्दांत मावतं.

आमच्याकडं ट्रॉल्या दोन जातींच्या. पहिली दोन चाकांची, डंपिंगची. मुरूम, शेणखत, विटा, वाळू यांसाठी. तिची चाकं मध्यापासून जरा मागं असतात, त्यामुळं भरलेल्या मालाचा काही भाग पुढं हुकावर टेकतो. ही ट्रॉली म्हणजे सरळसरळ बैलगाडी. ट्रॅक्टर हाच तिचा बैल. दुसरी चार चाकांची, उसाची. तिचा पुढचा ॲक्सल टर्नटेबलावर फिरतो आणि त्यातून निघालेला दांडा ट्रॅक्टरला अडकतो. हा दांडा मुळाशी बिजागरीसारखा वर-खाली हलतो. ट्रॉलीत दहा टन ऊस असो नाहीतर नुसती हवा, हुकावर वजन येतं ते त्या दांड्याचं. सोडवली की दांडा धपकन जमिनीवर पडतो. तिला धुरजड माहीत नाही आणि उलाळही नाही.

हुक निवडताना पहिला प्रश्न हाच: ट्रॉली ट्रॅक्टरवर बसणार आहे की नुसती मागं येणार आहे? दोघींना एकच हुक चालतो असं समजून आपण गाडी हाकतो, आणि बहुतेक वेळा निभावतंही.

हिशेब करून बघू. पन्नास एचपीच्या आसपासचा ट्रॅक्टर, वजन २१०० किलो. साधारण ८०० ते ८५० किलो पुढच्या चाकांवर, उरलेलं साडेबाराशे-तेराशे मागच्या. पुढच्या आणि मागच्या चाकांतलं अंतर दोन मीटर धरू. ओढण्याचं काम मागची चाकं करतात आणि त्यांना जमिनीची पकड मिळते ती त्यांच्यावर असलेल्या वजनातून. कोरड्या डांबरावर त्या वजनाच्या सत्तर टक्क्यांपर्यंत ओढ मिळाली तरी खूप. म्हणजे नऊशे किलो. ओल्या काळ्या रानात याच्या निम्मीही मिळत नाही. इंजिन कितीही एचपीचं असू दे, चाक फिरलं की एचपी चिखल उडवण्यात जाते.

आता दहा टनांची उसाची ट्रॉली वीस फुटांना एक फूट अशा चढावर घ्या. चढासाठी पाचशे किलोची ओढ लागते, टायर रस्त्यावर लोळवायला आणखी दोनशे-तीनशे. आठशेपर्यंत आलो. म्हणजे एकाच ट्रॉलीत पकड जवळजवळ संपली. आणि आपण मागं दुसरी लावलेली असते. म्हणून उसाच्या ट्रॅक्टरांच्या मागच्या टायरमध्ये पाणी भरलेलं असतं, चाकांना लोखंडी वजनं लावलेली असतात. पुढच्या बंपरवरही वजनं असतात, ती वेगळ्या कारणासाठी. नदीवरच्या पुलावरून वर येताना एक ट्रॉली खाली सोडून दुसरी वर ठेवून यायची, मग पहिलीला न्यायला परत जायचं, हा तर रोजचा उद्योग. त्या वेळी ट्रॅक्टरवरच्या भल्यामोठ्या स्पीकरमध्ये गाणं चालूच असतं. चढ चढण्यात त्याचाही वाटा आहे असं ड्रायव्हरांचं मत दिसलं.

दोन चाकांच्या ट्रॉलीचा हिशेब निराळा. समजा हुकावर एक टन टेकला आणि हुक मागच्या ॲक्सलच्या साठ सेंटिमीटर मागं आहे. मग मागच्या चाकांवर एक हजार नाही, तेराशे किलो वाढतात. जादाचे तीनशे कुठून आले? पुढच्या चाकांवरून. ट्रॅक्टर हा मागच्या ॲक्सलवर ठेवलेला तराजू. शेपटीला दाबलं की तोंड वर येतं. पकड जवळजवळ दुप्पट झाली आणि नाक हलकं झालं. हुक आणखी वीतभर मागं लावला, ट्रॉली वळताना टायरला घासते म्हणून मिस्त्री हमखास लावतात तसा, की नाक आणखी हलकं.

यात उंची मिसळा. ट्रॉली एक टनाच्या जोरानं ओढून धरते आहे आणि हुक जमिनीपासून पंचेचाळीस सेंटिमीटरवर आहे. पुढच्या चाकांवरचे सव्वादोनशे किलो गेले. तोच हुक नव्वदवर, साडेचारशे गेले. स्टिअरिंग हाताला लागायचं तर एकूण वजनाचा पाचवा हिस्सा तरी पुढं राहायला हवा असं मानतात. आपल्या ट्रॅक्टरला तो चारशेवीस किलो होतो. वरची वजाबाकी ज्याची त्यानं करून बघावी. फडातून बाहेर पडताना ट्रॅक्टर घोड्यासारखा दोन पायांवर येतो आणि ड्रायव्हर डावा-उजवा ब्रेक वेगवेगळा दाबून त्याला वळवतो, ते बघायला पोरं जमतात. कौशल्य आहे, नाही कशाला म्हणू? पण ते कौशल्य चुकीच्या जागी मारलेल्या हुकाची भरपाई आहे.

माझ्या डोळ्यांसमोर एकदा ही भरपाई कमी पडली. आमच्याच रानात, जानेवारीतली रात्र. शेजारच्या पाटाचं पाणी फुटून फडात आलेलं, भरलेली ट्रॉली ॲक्सलपर्यंत रुतलेली. ट्रॅक्टर नुसता जागेवर खड्डा करत होता. टोचन लावायला दुसरा ट्रॅक्टर बोलावला. साखळी खालच्या हुकाला लावली तर चिखलात घासत होती, म्हणून कुणीतरी, बहुतेक मीच, ती वर टॉप लिंकच्या ब्रॅकेटमध्ये अडकवली. वर जागा मोकळी होती, पिनही तयार होती. ड्रायव्हरनं पहिला गिअर टाकून क्लच सोडला. साखळी ताठ झाली, आणि हेडलाइटचा झोत रानावरून उठून समोरच्या आंब्याच्या शेंड्यावर गेला. शेंडा मला पान न् पान दिसला. तेवढ्यात क्लच दाबला गेला आणि पुढची चाकं धाडकन खाली आली. ड्रायव्हर उतरला, बांधावर बसला आणि बराच वेळ विडी पेटवायचा प्रयत्न करत राहिला.

झालं होतं ते असं. इंजिन ॲक्सलला फिरवू बघतं. चाक फिरू शकलं नाही तर इंजिन उलट अख्खा ट्रॅक्टर त्या ॲक्सलभोवती मागं फिरवू लागतं. साखळी ॲक्सलच्या खाली असली तर नाक जसं उचलतं तसा हुक खाली जातो, ओढीची रेषा जमिनीकडं येते आणि सहसा टायर घसरून सुटका होते. साखळी ॲक्सलच्या वर असली तर तीच ट्रॅक्टरला मागं पाडायला मदत करते. पहिल्यांदा नाक उचलल्यापासून परत न येण्याच्या जागेपर्यंत पाऊण सेकंद पुरतो. माणसाला कळून पाय क्लचवर जायलाही जवळपास तेवढाच लागतो. उलटलेल्या ट्रॅक्टरखाली ड्रायव्हर चिरडू नये म्हणून सीटच्या मागं उभारायची पोलादी चौकट स्वीडननं नव्या ट्रॅक्टरना १९५९ पासून सक्तीची केली. आपल्या फडातल्या ट्रॅक्टरवर त्या जागी ऊन लागू नये म्हणून लावलेलं छत असतं.

टॉप लिंकची ती मोकळी जागा आली कुठून, याची गोष्ट आयर्लंडची आहे. हॅरी फर्ग्युसन हा १८८४ चा जन्म, शेतकऱ्याचा मुलगा, मोटारी दुरुस्त करणारा. १९०९ च्या ३१ डिसेंबरला त्यानं स्वतः बांधलेलं विमान उडवलं. आयर्लंडमधलं ते पहिलं उड्डाण. पहिल्या महायुद्धाच्या काळात धान्याची टंचाई आली तेव्हा सरकारनं त्याला ट्रॅक्टरवाल्यांच्या अडचणी बघायला गावोगाव धाडलं. त्या काळी नांगर ट्रॅक्टरच्या मागं साखळीनं नाहीतर दांड्यानं ओढत. नांगर दगडात अडकला की हलका ट्रॅक्टर मागं उलटे आणि ड्रायव्हर सापडे. आमच्या रानात झालं असतं तेच.

फर्ग्युसननं नांगर ओढायचा सोडून ट्रॅक्टरच्या अंगाला तीन जागी जोडला: खाली दोन हात, वर एक दांडी, तीच टॉप लिंक. नांगराला धक्का बसला की तो पुढं कलंडू बघतो आणि वरची दांडी ट्रॅक्टरला मागून पुढं ढकलते. नाक वर जायच्या ऐवजी खाली दाबलं जातं. त्याला हायड्रॉलिकची जोड देऊन त्यानं विसाच्या दशकाच्या मध्याला पेटंट घेतलं. १९३८ मध्ये हेन्री फोर्डशी नुसत्या हस्तांदोलनावर करार झाला, पुढच्या वर्षी फोर्ड-फर्ग्युसन बाजारात आला, आणि मग व्हायचं तेच झालं. हस्तांदोलन कोर्टात गेलं आणि १९५२ मध्ये साडेब्याण्णव लाख डॉलरच्या आसपास रक्कम घेऊन मिटलं. १९४६ पासून कॉव्हेंट्रीत बनलेला त्याचा छोटा करडा ट्रॅक्टर पाच लाखांच्या वर खपला. त्याचा वारस म्हणजे मॅसी फर्ग्युसन, जो साठच्या दशकात मद्रासच्या टॅफेनं इथं बनवायला घेतला. आमच्याकडं त्याला नुसतं मॅसी म्हणतात आणि जुनी १०३५ अजून कुणी कुणी हौसेनं सांभाळून आहे.

म्हणजे ट्रॅक्टर उलटू नये म्हणून जी वरची दांडी जन्मली, तिच्याच ब्रॅकेटला मी ट्रॅक्टर उलटायची साखळी लावली होती. ती जागा ढकलण्यासाठी आहे, ओढण्यासाठी नाही.

फर्ग्युसनची ट्रॉलीही बघण्यासारखी. दोन चाकांची, चाकं बरीच मागं, म्हणजे मुद्दाम धुरजड. तिचं वजन घ्यायला त्यानं हुक पीटीओच्या, म्हणजे अवजारं फिरवणाऱ्या मागच्या शाफ्टच्या खाली, ॲक्सलच्या शक्य तितका जवळ घेतला, म्हणजे शेपूट आखूड आणि उंची कमी. शिवाय तो हुक हायड्रॉलिकवर खाली-वर होई. ड्रायव्हर बसल्या जागेवरून मागं येई, हुक खाली घेई, कडीखाली सरकवून वर उचले आणि लॉक पडे. युरोपात अशा हुकांची आता घराणीच झाली आहेत: हा उचलता हुक, शिडीसारख्या पट्ट्यांत वर-खाली करता येणारा जबडा, ऐंशी मिलिमीटरचा पोलादी गोळा आणि त्यावर बसणारी वाटी. आपल्याकडं अजून ट्रॅक्टर आणि ट्रॉलीच्या मध्ये एक माणूस उभा राहतो, डोळा कडीवर, हात पिनेवर, आणि ड्रायव्हरला सांगतो, "ये, ये, ये, बास!" ते "बास" अर्धा सेकंद उशिरा ऐकू आलं की काय होतं, ते गावातल्या दोन-तीन हातांवर बघायला मिळतं.

आबांच्या पिढीला हे वर-खालीचं गणित नवं नव्हतं. किर्लोस्करवाडी आमच्यापासून हाकेच्या अंतरावर. १९१० मध्ये लक्ष्मणराव किर्लोस्करांनी तिथं माळावर कारखाना मांडला. तिथल्या लोखंडी नांगराच्या दांड्याच्या टोकाला एकाखाली एक खाचा असत. साखळी वरच्या खाचेत घातली की फाळ खोल जाई, खालच्या खाचेत घातली की उथळ चाले. एका खाचेचा फरक बैलांच्या चालीत दिसे.

ज्या वर्कशॉपमध्ये मी हंगामभर बसलो तिथले मिस्त्री साठीचे. त्यांना मी विचारलं, नवा माणूस ट्रॅक्टर घेऊन आला तर तुम्ही काय बघता?

"मी काय बगतो? त्यो घाईत हाय का बगतो," ते म्हणाले. "घाईत नसंल तर इचारतो, ट्रॉली कंची."

दोन चाकांची असेल तर ते हाउसिंगला बोल्टनं बसणारा, दोन-तीन उंच्यांची भोकं असलेला जबडा निवडतात आणि ट्रॉली रिकामी असताना सपाट जागी पाणसळ लावतात. ट्रॉली आडवी पाहिजे. कडी उंच अडकली तर माल मागं कलतो आणि गाडी उलाळ होते. हा शब्द मी मुद्दाम वापरला, मिस्त्री थबकले आणि हसले, "लय दिसानं ऐकला."

डंपिंगला उलाळ होणं तर रोजचं. ट्रॉली उचलली की मुरूम आधी मागं सरकतो, सगळा भार चाकांच्या मागं जातो आणि कडी हुकातून वर निसटू बघते. म्हणून नुसता वर उघडा आकडा चालत नाही. वरून झाकण नाहीतर आरपार पिन पाहिजे, आणि पिनेला खाली लॉक.

लिफ्टच्या दोन हातांमध्ये बसणारी भोकांची आडवी पट्टी त्यांनी पायानंच बाजूला सरकवली. तिला ट्रॉली लावणारे बरेच. ती पट्टी हातांबरोबर वर जाते. खड्ड्यात ड्रायव्हरचा हात चुकून लिव्हरवर पडला की हुक ॲक्सलच्या वर. तिला हलकं अवजार लावा, ट्रॉली नको. पीटीओवर चालणारा टँकर वगैरे जोडायचा असेल तर शाफ्टच्या टोकापासून पिनेपर्यंत चौदा ते सोळा इंच लागतात, नाहीतर वळताना शाफ्ट अडकतो. त्यासाठी खालचा सरळ ड्रॉबारच बरा.

मग पिन. त्यांच्याकडं एक डबा आहे, लोकांच्या निकामी पिनांचा. त्यातली एकही सरळ तुटलेली नाही. तीस मिलिमीटरच्या साध्या पोलादी पिनेला दोन्ही बाजूंनी घट्ट धरलं तर कातरायला वीस टनांहून जास्त जोर लागेल. ट्रॅक्टरमध्ये तेवढी ताकदच नाही. पिना वाकतात. जबड्याच्या दोन पात्यांमध्ये चार बोटं मोकळी आणि मध्ये पातळ कडी, म्हणजे पिनेची काठी झाली. कुणीही गुडघ्यावर मोडावी. कडी झिजून भोक लांबट झालेलं, त्यात प्रत्येक गिअरला पुढून एक आणि प्रत्येक ब्रेकला मागून एक हातोडा. मागं दोन ट्रॉल्या असतील तर दोघींचा धक्का याच एका पिनेला. डब्यात बांधकामाच्या सळईचे तुकडे होते, पाट्याचा सेंटर बोल्ट होता, एक तर नांगराचा फाळ होता. लॉकच्या जागी बहुतेकांना तार. खड्ड्याखड्ड्यानं तार घासते, पिन एकेक बोट वर चढते आणि उतारावर ट्रॉली एकटीच निघते. एक साखळी सोबत बांधली तर तेवढी वेळ टळते. ती साखळी मला यार्डात फार थोड्यांकडं दिसली.

यार्डात मी टेप घेऊन फिरलो. नंबर लागायला रात्र-रात्र जाते, तेव्हा ड्रायव्हरांना करमणूक हवीच असते. एकाचा हुक १७ इंचांवर, शेजारच्याचा २६. दोघांचे ट्रॅक्टर एकाच कंपनीचे, एकाच वयाचे. सतरावाला म्हणाला, माझा कधी उचलत नाही, ट्रॅक्टरच चांगला आहे. सव्वीसवाला म्हणाला, माझा लय उड्या मारतो, याच्यात दम आहे.

दमवाल्याचा ॲक्सल मी मोजला. जमिनीपासून पंचवीस इंच. त्याला टेप दाखवली, हुक कुठं आणि ॲक्सलचा मध्य कुठं. तो उकिडवा बसला, टॉर्च मारली, हुकावर बोट ठेवलं, मग ॲक्सलवर. पुन्हा हुकावर.

"एक इंच वर हाय," तो म्हणाला.

"हो."

"मग पुढं वजन टाकू का अजून?"

"हुक खाली घ्या. भोकं आहेत की खाली दोन."

"भोकं हायत," तो म्हणाला. "पण दांडा आखूड पडतोय. त्यो वाढवाय लागंल."

"सर, किती घेतो मिस्त्री त्याला?" मागच्या ट्रॅक्टरवरून कुणीतरी ओरडून विचारलं. तेवढ्यात काट्यावरून शिट्टी झाली आणि रांग हलली. तो उडी मारून सीटवर बसला, गाणं मोठं केलं, पहिला टाकला. दोन ट्रॉल्यांच्या कड्या एकामागून एक ताणल्या गेल्या, खण्ण, खण्ण, आणि पुढची दोन्ही चाकं हातभर वर उचलून काट्याच्या चढाकडं हलली. त्यानं डावा ब्रेक दाबून नाक सरळ केलं. मग मागं वळून माझ्याकडं पाहिलं आणि बोटानं खूण केली: एक इंच.